कॅम्परव्हॅनने श्रीवर्धन : बाबांना घेऊन जायचं आहे, रात्रीचा मुक्काम कुठे करावा?

नेरूळची_लेक

नमस्कार मंडळी. इथे गाडीने कोकण पालथं घालणारे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारते.

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. जन्म श्रीवर्धनचा, नोकरी मात्र सगळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात गेली. चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. घरात वॉकरवर चालतात, बाहेर चाकाची खुर्ची लागते. सगळ्यात मोठी अडचण लघवीची. तासाभरात एकदा जावंच लागतं, आणि लागली की दोन मिनिटंही धरवत नाही. अशा माणसाला घेऊन मुंबई-गोवा महामार्गावरून जाणं काय असतं ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. पंपावरच्या स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या, आत ओली फरशी, धरायला दांडी नाही. मागच्या वेळी पेणच्या पुढून आम्ही परत फिरलो. नेरूळला पोचेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

गावात आता आमचं काही उरलेलं नाही. वाडी वाटणीत गेली, पुढे विकली गेली. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या पोफळी आणि माड आडवे झाल्याचे फोटो पाहिल्यापासून बाबांनी एकच धरलंय, एकदा जाऊन बघायचं.

म्हणून कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायचा विचार आहे. आत पलंग आणि संडास असला की निम्मी काळजी मिटली. आम्ही चौघं : बाबा, आई, नवरा आणि मी. दोन रात्री. गाडी रात्री कुठे उभी करायची? समुद्रावर चालते का? श्रीवर्धनच्या आळ्यांमधून एवढी मोठी गाडी जाते का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उपवन_तलाव

ताई, जरूर जा. कॅम्परव्हॅनची खरी मजा समुद्रासमोरच आहे. आम्ही मित्र डिसेंबरात दिवेआगरला गेलो होतो, गाडी सरळ सुरूच्या बनातून पुळणीवर घेतली. सकाळी दार उघडलं की समोर पाणी. बाबांना झोपल्या जागेवरून समुद्र दिसेल, याहून वेगळं काय हवं?

खारघर_टेकडी

वाचतेय. माझ्या सासूबाईंचीही हीच अडचण आहे.

पारसिक

मी ठाण्यात कळव्याला राहतो. सहा वर्षांपूर्वी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन स्वतः व्हॅन बांधली, तेव्हा चार गोष्टी सांगू शकतो.

भाड्याची गाडी घेताना आधी नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला अधिकृतपणे भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी असते, त्यावर पिवळी अक्षरं. चालकासकट येणाऱ्या भाड्याच्या गाडीची पिवळी पाटी, काळी अक्षरं. कोणी पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देऊ करत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. दुसरं, आरसी बुक मागा आणि गाडीच्या प्रकारापुढे काय लिहिलंय ते वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीत मोठे फेरफार करता येत नाहीत. बाके काढून पलंग, गॅस, टाकी बसवली आणि कागदावर मात्र अजून प्रवासी गाडीच असेल, तर ती जबाबदारी चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. परवान्याची चिंता नको. भरलेल्या वजनासह ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला हलक्या वाहनाचा (एलएमव्ही) परवाना चालतो, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही तेच सांगितलंय.

आता गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. म्हणून शेगडीच्या आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. वरच्या खिडकीने भागत नाही. गाडी ताब्यात घेताना वाकून बोट घालून बघा, पुष्कळदा आतून गालिचा अंथरून ती बुजवलेली असते. आणि खिडक्या बंद करून शेगडी पेटवायची नाही, कितीही गारठा असला तरी.

बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाची वस्तू पायरी आहे. ट्रॅव्हलरचं दार जमिनीपासून चांगलं उंच असतं. एक लाकडी चौरंग करून घ्या, खाली रबर ठोका. आणि संडासाचं दार टेपने मोजा. जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका.

रोठा

माझं माहेर श्रीवर्धन, सासर ऐरोली. या धाग्यावर मला लिहिलंच पाहिजे.

उपवन दादा, राग मानू नका, पण पुळणीवर गाडी घालायला सांगू नका. समुद्रालगत वरच्या अंगाला जी जांभळ्या फुलांची वेल पसरलेली असते ती मर्यादवेल. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. चाकाखाली ती तुटली की वाळू वाऱ्यावर सुटते आणि लाटांना आत यायला वाट मिळते. वादळात आमच्याकडे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी उभी असलेली पोफळ संध्याकाळी नव्हती. आजोबांनी लावलेले माड मुळासकट उपटून गडग्यावर पडले होते. त्या किनाऱ्याची जी काही भिंत उरलीय ती तरी राहू द्या.

दुसरं कासवांचं. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात, बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला तर त्यासाठीच लोक जातात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, कारण रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते. तिथे तुमच्या गाडीचा दिवा लागलेला असेल तर ती गाडीकडे येतात. वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या रांगेत.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ही शहरातल्या लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या वाड्यांच्या विहिरी उथळ आहेत. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेच आम्ही पितो, तेच पोफळीला. तुम्ही व्हॅनची भांड्यांची टाकी सुरूच्या बनात मोकळी केलीत तर साबण कुठे जाणार? वाळू गाळत नाही, वाळू पुढे देते.

ताई, तुम्ही असं करा. वाडीत थांबा. श्रीवर्धनमध्ये घरगुती राहायची सोय करणारी कितीतरी घरं आहेत. आधी फोन करून सांगा की खोली नको, अंगणात गाडी उभी करू द्या, न्हाणीघर आणि विहिरीचं पाणी वापरू द्या, जेवण तुमच्याकडे घेऊ. खोलीएवढे नाही तरी व्यवस्थित पैसे सांगा. कोणी नाही म्हणणार नाही. आळीत शिरताना मात्र वायरी बघा, घरांच्या वीजजोडण्या आडव्या गेलेल्या असतात आणि तुमची गाडी उंच आहे. आणि माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडतोच, वाळलेली झावळही काच फोडते.

उपवन_तलाव

रोठा ताई, राग कसला. मर्यादवेलीचं मला खरंच माहीत नव्हतं.

आणि मघाशी अर्धीच गोष्ट लिहिली, आता पूर्ण लिहितो, कारण ताई वडिलांना घेऊन जातायत. रात्री अकराच्या सुमाराला आम्हाला जाग आली ती गाडी कलल्यामुळे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचं उधाण होतं, पाणी चाकापासून दहा पावलांवर आलं होतं, वाळू ओली होऊन मागचं डावं चाक आसापर्यंत खाली गेलेलं. गिअर टाकला तसं आणखी रुतलं. गावातली दोन माणसं जाळ्याकडे चालली होती, त्यांनी पाहिलं. चाकाची हवा पार निम्म्यावर आणली, पुढची वाळू हाताने उकरली, चाकाखाली झावळ्या आणि एका होडीची फळी घातली आणि सहा जणांनी ढकललं. ओल्या बर्म्युडात थरथरत उभे होतो आम्ही. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, एवढंच म्हणाले, गाडी वर रस्त्यावर लावायची असते. आमच्यात म्हातारं माणूस असतं तर काय केलं असतं ते आठवून अजून कसंतरी होतं.

पारसिक

हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

ज्यांना ॲपवर विसंबायचं नाही त्यांच्यासाठी कोळ्यांचा जुना हिशेब देतो. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष दोन्हीला चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर मोबाईलला रेंज नसली तरी अडत नाही.

नेरूळची_लेक

पाऊणपटीचा हिशेब बाबांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून "षष्ठीला साडेचार" असं सांगितलं. त्यांना तो लहानपणापासून येतो, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

गाडी ठरली. काळी पाटी, आरसी व्यवस्थित. जाळी बघितली, खरंच गालिच्याखाली होती. कापून घेतला.

घणसोली_नऊ

विजेचं काय? पार्किन्सन्सच्या रुग्णाला उकाड्याचा त्रास होतो, पंखा रात्रभर हवाच. गाडीत बॅटरी कोणती आहे ते विचारा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास. ती साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हातात ६००. २० वॉटचे दोन पंखे दहा तास चालले की ४०० गेले. ४५ वॉटचा छोटा फ्रीज दिवसातला निम्मा वेळ चालू धरला तरी त्याला एकट्याला ५०० च्या वर लागतात. म्हणजे पंखे आणि फ्रीज दोन्ही भागत नाहीत. लिथियम असेल तर जवळजवळ सगळी वापरता येते. नाहीतर वाडीच्या मालकांकडून एक जाड वायर ओढून घ्या आणि युनिटचे पैसे वेगळे द्या.

नेरूळची_लेक

बॅटरी लेड-ॲसिडच आहे. फ्रीज बंद ठेवायचा ठरवलं, बाबांचं एक औषध गार ठेवावं लागतं ते थर्मासात बर्फावर नेऊ. पंखे महत्त्वाचे.

काल रात्री सराव केला. आमच्या सोसायटीच्या पोडियमचा दांडा २.२ मीटरला आहे आणि गाडी पावणेतीन, त्यामुळे आत जाणं शक्यच नव्हतं. सेक्रेटरींना सगळं सांगितलं. त्यांनी पाहुण्यांच्या पार्किंगमधल्या दोन जागा मोकळ्या करून दिल्या आणि रखवालदाराला सांगून ठेवलं की रात्री गाडीत माणसं झोपणार आहेत, टॉर्च मारू नको. बाबांना सात मजले खाली आणून आम्ही चौघं खरोखर रात्रभर गाडीत झोपलो. आईचा आधी विरोध होता, घर वर असताना खाली काय म्हणून झोपायचं. पण ज्या चुका तिथे महागात पडल्या असत्या त्या इथे फुकटात कळल्या.

पहिली चूक संडासाच्या दाराची. दार ५८ सेंटीमीटर, बाबांचा वॉकर ६१. पारसिक दादांनी सांगूनही मी मोजलं नव्हतं. नवऱ्याने सकाळी जाऊन बाथरूमला लावतात तसल्या दोन स्टीलच्या दांड्या आणल्या, गाडी देणाऱ्यांना फोन करून विचारलं आणि दाराच्या आत-बाहेर बसवल्या. आता वॉकर पलंगाशी ठेवायचा आणि तीन पावलं दांडी धरून. दुसरी गोष्ट, रात्री अंधारात बाबांची पावलं अडकतात, जमिनीला चिकटल्यासारखी होतात. त्यांच्या फिजिओथेरपिस्टनी घरात फरशीवर आडव्या पट्ट्या लावायला सांगितल्या होत्या, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचललं जातं. तशाच पांढऱ्या पट्ट्या गाडीत पलंग ते संडास चिकटवल्या. आणि चौरंगाची उंची एका पायरीने कमी पडली, तेव्हा दोन चौरंग.

त्यांच्या गोळ्या दर चार तासांनी असतात. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने अंग मोकळं होतं, पुढचे दोन-अडीच तास बरे जातात. गाडीत चढणं-उतरणं सगळं त्या वेळातच बसवायचं असं ठरवलंय.

खारघर_टेकडी

पट्ट्यांचं माहीत नव्हतं. आजच लावते. जाऊन आल्यावर नक्की लिहा, वाट बघतेय.

नेरूळची_लेक

जाऊन आलो. आठवडा झाला, पण लिहायला बसले की काहीतरी निघायचं.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पाचची गोळी, पावणेसहाला बाबा दोन चौरंगांवरून स्वतःच्या पायाने गाडीत. कळंबोली, पळस्पे, पेण, वडखळ. पेणच्या पुढे, जिथून मागच्या वेळी परतलो होतो, त्याच सुमाराला त्यांना जायचं झालं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, बाबा उठले, आत गेले, आले. चार मिनिटं. परत बसल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत आईला विचारलं, "नागोठणं आलं का?" एवढंच. आई माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे. या धाग्याचा सगळा खटाटोप त्या चार मिनिटांसाठी होता.

कोलाड, इंदापूर, मग माणगावला बाजारात चांगलीच कोंडी. तिथून उजवीकडे वळून मोर्बा, साई, म्हसळा. हा रस्ता वळणांचा आहे, लांब गाडीला वळणावर मागची बाजू आत ओढली जाते, ते सवयीने कळतं. म्हसळ्याच्या पुढे वास बदलला की काय कोण जाणे, बाबा ताठ बसले.

मुक्काम रोठा ताईंनी सांगितलं तसा वाडीत केला. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या घरी फोन करून दिला होता, पण आम्हीही आधी दोनदा बोललो. घरचे काका आळीच्या तोंडाशी येऊन उभे होते, हातात लांब बांबू. जिथे वायर खाली आली होती तिथे ती बांबूने उचलून धरायची आणि गाडी खालून काढायची असा त्यांचा बेत. नवरा म्हणाला, विजेच्या वायरीला हात लावायचा नाही. मग शंभर पावलं मागे येऊन दुसऱ्या आळीने घेतली, त्यात वीस मिनिटं गेली. गेलेली चांगली. अंगणात एका बाजूला आंब्याचं झाड होतं, वादळातून वाचलेलं, त्याच्या सावलीत गाडी लावली. माड सगळे पलीकडे.

पहिल्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "तुम्ही गाडीतच जेवता का आमच्यात येता?" त्यांच्या आवाजात थोडी शंका होती. तेव्हा मला कळलं की गाडीत सगळं असलेला पाहुणा आपल्याकडे कशाला आला, हे त्यांना उमगत नव्हतं. आई गेली आणि त्यांच्या पडवीत बसली. बाबांची कुळी सांगितली, कोणाच्या वाडीशेजारी आमची वाडी होती ते सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत कोणाच्या लग्नात कोण होतं इथपर्यंत पोचल्या. आम्ही शेगडी दोन दिवसांत फक्त चहाला पेटवली.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. साडेचाराची भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. गोळी नऊला. आम्ही दहाला समुद्रावर पोचलो, गाडी वर रस्त्यालाच ठेवली. बंधाऱ्याच्या खालची कोरडी वाळू खुर्चीचं चाक गिळते, तिथे चार जणांनी बाबांना खुर्चीसकट उचललं : नवरा, काका, त्यांचा मुलगा आणि शहाळी विकणारा एक दादा जो आपणहून आला. ओहोटीची ओली वाळू मात्र सिमेंटसारखी घट्ट असते. तिथे टेकवल्यावर खुर्ची बोटाने ढकलली तरी चालत होती. मी ढकलत होते आणि बाबा म्हणाले, "थांब." चपला काढायला लावल्या. पाय खाली सोडले. पाण्याची पातळशी घडी यायची, पावलाखालची वाळू घेऊन परत जायची, टाचेखाली खड्डा पडायचा. त्यांचा उजवा पाय एरवी सतत हलत असतो. तो तिथे हलत होता की नाही ते मी बघितलं नाही, मला बघायचं नव्हतं. अर्धा तास बसले.

दुपारी जुन्या वाडीकडे गेलो. आता तिचे मालक वेगळे आहेत, आधी विचारलं, त्यांनी या म्हटलं. बाबा आत गेले नाहीत. गडग्याबाहेर खुर्ची लावायला सांगितली आणि तिथूनच बघत बसले. जुनी पोफळ एकही नाही. वादळानंतर लावलेली रोपं मात्र डोक्याच्या वर गेलीत, आणि दोन झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, फुटली होती. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी बाजारात ओळखतात ती याच बागांची. मालक म्हणाले की नुकसानीनंतर कितीतरी जणांनी पुन्हा लावायला नको म्हटलं, मुंबईला असलेल्या मुलांनी जमीन मोकळी ठेवायला सांगितली. यांनी लावली. बाबांनी विहिरीकडे बोट करून विचारलं, "गोडं आहे का अजून?" मालकांनी तांब्या भरून आणला. बाबांना पातळ पदार्थाने ठसका लागतो, म्हणून घरी आम्ही पाण्यात पावडर घालून ते दाट करून देतो. तिथे आईने चमच्याने दोन चमचे दिले, आणि बाबा ते पाणी तोंडात धरून ठेवून मग सावकाश गिळत होते.

त्या रात्री काकांनी पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे, पुन्हा पाला दाबून तोंड बंद, मग मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून आवाज ऐकतात, त्यावरून शिजलं की नाही ते ठरतं. बाबांच्या गोळीत आणि अंड्यात अंतर ठेवावं लागतं, म्हणून त्यांना आधी नुसत्या शेंगा सोलून दिल्या. त्यांना शेंग सोलायला वेळ लागतो. कोणी घाई केली नाही, सगळे विस्तवाशी बसून होते.

तिसऱ्या दिवशी आरावी-शेखाडीच्या रस्त्याने दिवेआगरपर्यंत जाऊन आलो, समुद्र अक्षरशः चाकाशी. परतताना पोलिसांनी थांबवून गाडीत कोण आहे, कुठे उतरलात ते विचारलं. वाडीचं नाव सांगितल्यावर लगेच सोडलं. काकांनी नंतर सांगितलं की १९९३ मध्ये मुंबईच्या स्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडीला उतरवली गेली, तेव्हापासून अनोळखी बंद गाडी रात्री किनाऱ्यावर दिसली की गावही विचारतं आणि पोलीसही. आपण कुठे उतरलोय हे सांगायला एक घर असणं किती उपयोगाचं आहे ते तेव्हा कळलं.

उपवन_तलाव

ताई, हे वाचून आईला फोन केला. तिचं माहेर मुरूडचं आहे. पुढच्या महिन्यात तिला घेऊन जातोय, वाडीतच.

रोठा

पोय फुटल्याचं वाचून बरं वाटलं. आमच्या वाडीतही तीन झाडांना आलीय. काकांचा बांबू सगळ्या गावाला माहीत आहे, तुमच्या मिस्टरांनी अडवलं ते योग्यच केलं.

खारघर_टेकडी

एक नाजूक प्रश्न. संडासाची टाकी कुठे रिकामी केली? आणि सासूबाईंना हरिहरेश्वरला दर्शनाला न्यायचं आहे, तिथे जमेल का?

नेरूळची_लेक

नाजूक काही नाही, हाच प्रश्न आधी विचारायला हवा. कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, २० लिटरची आहे, आम्हाला रोज रिकामी करावी लागली. काकांना पहिल्याच फोनवर विचारलं होतं. त्यांच्या संडासात ओतायची परवानगी दिली, पण एक अट घातली की आतलं निळं रसायन टाकायचं नाही, त्याने शोषखड्ड्यातले जिवाणू मरतात. आम्ही रसायनाशिवाय नुसतं पाणी वापरलं आणि दर सकाळी नवऱ्याने ओतून धुतली. भांड्यांचं पाणी बादलीत जमा करून त्यांनी सांगितलेल्या केळीच्या आळ्यात. साबणाऐवजी राख काकूंनीच दिली.

हरिहरेश्वरला देवळापर्यंत खुर्ची जाते का ते रोठा ताई सांगतील. खडकातून जो प्रदक्षिणेचा मार्ग आहे तिकडे मात्र सासूबाईंना नेऊ नका, आणि तुम्ही गेलात तरी फक्त ओहोटीला. भरतीच्या लाटा तिथे माणसं ओढून नेतात.

रोठा

खुर्चीला अडचण येते, पण सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते आणि उचलायला माणसं मिळतात. मला निरोप करा, मी घरी कळवून ठेवते.

पारसिक

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतलीत ना? खारा वारा दोन दिवसांत ब्रेकच्या पाइपांवर बसतो. भाड्याची असली तरी धुवा, पुढचा माणूस तीच गाडी चालवणार आहे.

नेरूळची_लेक

धुतली दादा. नेरूळला परतल्यावर संध्याकाळीच, सोसायटीच्या टँकरच्या पाण्याने.

खारघर ताई, दांड्या कुठे आणि किती उंचीवर लावल्या ते मापासकट फोटो काढून ठेवलेत. आतली दांडी बाबांच्या मनगटाच्या उंचीला आहे, बाहेरची चार बोटं वर, कारण उठताना ते वर ओढतात. सासूबाईंची उंची सांगा म्हणजे तुमचा हिशेब करता येईल. फोटो उद्या टाकते, नऊ वाजत आले, बाबांच्या गोळीची वेळ झाली.